स्मरण आणि चाल : एका तराजूची दोन पारडी

मेंदूविकारतज्ज्ञाची तपासणी रुग्ण खुर्चीत बसण्यापूर्वीच सुरू झालेली असते. नाव पुकारल्यावर बाकावरून उठायला किती प्रयत्न पडले, चालताना दोन्ही हात हलतात की एक हात अंगाला चिकटून राहतो, दाराच्या उंबरठ्याशी पाय थबकला का, वळताना माणूस सहज वळला की पाच-सहा लहान पावले टाकत वळला, हे सारे त्या दहा-पंधरा पावलांत दिसते. मग डॉक्टर विचारतात, ‘‘काय त्रास होतो?’’ उत्तर कोण देते, याकडेही त्यांचे लक्ष असते. साध्या प्रश्नालाही आधी बायकोकडे किंवा मुलाकडे मान वळवून पाहणे ही स्मृतीच्या विकारातली एक ओळखीची खूण आहे.

कुटुंबीयांच्या हातात मात्र बहुधा एमआरआयचे मोठे पाकीट असते आणि डॉक्टरांनी आधी ते उघडावे अशी त्यांची अपेक्षा असते. ते उघडले जातेच. पण कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्सच्या आजारात, नेहमीचा एमआरआय बहुतेक वेळा वयाला साजेसा, साधाच दिसतो. हे निदान चित्रावरून होत नाही. ते हालचाल पाहून आणि हकिकत ऐकून होते. चित्राचा उपयोग दुसरे काही दडलेले नाही ना, हे पाहण्यासाठी.

ही पाहण्याची विद्या जुनी आहे. १८१७ साली लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर पहिला सविस्तर निबंध लिहिला, तेव्हा त्यांच्यापुढे अवघे सहा रुग्ण होते. त्यांतले तिघे त्यांना रस्त्यात दिसलेले, आणि त्यांपैकी एकाला तर त्यांनी फक्त दुरून न्याहाळले होते. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर त्यांनी केलेले चालीचे वर्णन आजही ताजे वाटते. एक गोष्ट मात्र त्यांच्या नजरेतून निसटली. या आजारात बुद्धी शाबूत राहते, असे त्यांनी लिहून ठेवले. पुढे १९०६ मध्ये आलोइस आल्झायमर यांनी जर्मनीत स्मृती गमावलेल्या एका स्त्रीच्या मेंदूतील बदल मांडले, आणि वैद्यकात जणू दोन दालने तयार झाली : एक थरथरणाऱ्यांचे, दुसरे विसरणाऱ्यांचे. वास्तविक या दोहोंमधली भिंत तेव्हाच खचू लागली होती. आल्झायमर यांच्याच म्युनिकच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या फ्रेडरिक लेवी यांना १९१२ मध्ये कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूपेशींत प्रथिनांचे सूक्ष्म गोळे आढळले. पुढे जपानमध्ये १९७६ साली केन्जी कोसाका यांनी असेच गोळे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या मेंदूच्या बाह्यस्तरात दाखवले. आज ‘लेवी बॉडी डिमेन्शिया’ म्हणून ओळखला जाणारा आजार तो हाच. त्यात स्मरण आणि चाल एकाच वेळी बिघडतात.

घरात मात्र ही दोन दालने अजून शाबूत असतात. ‘बाबांचा हात थरथरतो’ ही एक तक्रार, ‘बाबा हल्ली विसरतात’ ही दुसरी. पहिलीसाठी एक डॉक्टर, दुसरीसाठी दुसरा, आणि दोघांच्या गोळ्या एकाच डब्यात. आजच्या लेखाचा विषय हा डबा आहे, असे म्हटले तरी चालेल.

आधी हकिकतीबद्दल. चांगला मेंदूविकारतज्ज्ञ सोबत आलेल्या माणसाशी थोडा वेळ स्वतंत्रपणे बोलतो. नवऱ्यासमोर ‘हे दोनदा घरचा रस्ता चुकले’ असे सांगणे बायकोला जड जाते. सासूसमोर सुनेला तर अशक्यच. मग प्रश्न येतात आणि त्यांतले काही नातेवाइकांना असंबद्ध वाटतात. फोडणीचा वास येतो का? बद्धकोष्ठता किती वर्षांपासून आहे? झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात, स्वप्नात कोणाशी भांडल्यासारखे करतात का? कंपवातात आणि लेवी बॉडीच्या आजारात या खुणा हात थरथरण्याच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकतात. झोपेतल्या झाडण्यामुळे पतीपत्नींनी अंथरुणे वेगळी केलेली असतात, पण त्याचा मेंदूशी संबंध असेल असे कोणाच्या मनातही आलेले नसते. सही लहान झाली का, हाही असाच प्रश्न. अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जाते, आणि हे घरच्यांच्या आधी बँकेच्या लक्षात येते. सही जुळत नाही म्हणून धनादेश परत आलेला असतो.

स्मरणाच्या चाचणीत घड्याळाचे चित्र काढायला सांगतात, तीन शब्द देऊन पाच मिनिटांनी विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात. ज्यांनी शाळा पाहिली नाही त्यांच्यासाठी ही फूटपट्टी खोटी ठरते. अशा आजींना घड्याळ काढायला लावण्यापेक्षा शंभराची नोट देऊन पस्तीस रुपयांची भाजी घेतली तर परत किती, दसरा झाला की पुढचा सण कोणता, पुरणाला डाळ शिजल्यावर पुढे काय करायचे, हे विचारलेले बरे. उलट निवृत्त मुख्याध्यापक चाचणीत तीसपैकी अठ्ठावीस गुण मिळवतात आणि घरी मात्र तीच वीजबिलाची रक्कम दोनदा भरतात. तुलना शेजाऱ्याशी नसते, त्या माणसाच्या स्वतःच्या पाच वर्षांपूर्वीच्या रूपाशी असते. ते रूप डॉक्टरांनी पाहिलेले नसते. ते फक्त घरच्यांनाच ठाऊक असते.

एखाद्याचे नाव दहा मिनिटांनी आठवणे हे वयाचे. तोच प्रश्न दहा मिनिटांत चौथ्यांदा विचारणे आणि आधी विचारल्याची जाणीवच नसणे, भिशीचा हिशेब वर्षानुवर्षे ठेवणाऱ्या बाईला अचानक बेरीज न जमणे, हे वयाचे नाही. ‘वय झालं’ हे आपल्याकडचे सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत महागात पडणारे निदान आहे, असे मला वाटते.

महागात अशासाठी की त्यामागे बरे होण्याजोगी कारणे लपून राहतात. शाकाहारी घरांत, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत, बी-१२ जीवनसत्त्व कमी पडते. त्याने स्मरणही मंदावते आणि पायांचा तोलही जातो. थायरॉइडची कमतरता माणसाला संथ करते. वृद्धापकाळातले नैराश्य अनेकदा विसरभोळेपणाचाच मुखवटा घालून येते. न्हाणीघरात पडून डोक्याला किरकोळ मार लागतो, सर्वजण विसरून जातात, आणि काही आठवड्यांनी कवटीच्या आत साचलेल्या रक्तामुळे गुंगी, गोंधळ आणि एका बाजूची कमजोरी दिसू लागते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांत विशेष. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा न राहणे आणि स्मरण मंदावणे, ही तीन एकत्र आली तर मेंदूतील पाण्याच्या पोकळ्या फुगल्या आहेत का, हे पाहावे लागते. कोलंबियाचे शल्यविशारद सालोमोन हाकिम यांनी १९६५ मध्ये हा विकार जगापुढे मांडला. पाठीतून थोडे पाणी काढून पाहिल्यावर चाल सुधारली, तर नळी बसवण्याची शस्त्रक्रिया लाभदायक ठरू शकते. आणि गोंधळ दोन-तीन दिवसांत अचानक सुरू झाला असेल, तर तो स्मृतिभ्रंश समजून घरी वाट पाहू नये. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम घसरणे, पक्षाघात यांपैकी काहीही असू शकते. त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

पण या साऱ्यांहून अधिक वेळा सापडणारा गुन्हेगार गोळ्यांच्या डब्यातच बसलेला असतो. चक्कर येते म्हणून सिनारिझिन, अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन, मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड, आणि आम्लपित्ताच्या कॅप्सुलमध्ये जोडीने येणारे लेव्होसल्पिराइड : ही औषधे मेंदूतील डोपामाइनची वाट अडवतात. महिनोन्‌महिने घेतली तर हुबेहूब कंपवात उभा करतात. काही आठवड्यांसाठी लिहून दिलेली कॅप्सूल औषधाच्या दुकानातून वर्षभर आणली जाते, आणि मग थरथर सुरू झाली म्हणून कंपवाताची गोळी तिच्यावर चढवली जाते. अशा रुग्णाचा उपचार म्हणजे एक गोळी कमी करणे. सुधारणा दिसायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. म्हणून पहिल्या भेटीला जाताना चिठ्ठ्या नव्हेत, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवीच न्यावी. काढे, चूर्णे आणि झोपेच्या गोळ्यांसह.

येथे एक उपकथा सांगण्याचा मोह होतो. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा रक्तदाब उतरवते हे ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडले आणि त्या भारतीय मुळीकडे जगाचे लक्ष गेले. तिच्यातून वेगळे केलेले रेसर्पिन हे औषध पुढे खूप वापरले गेले, आणि ते घेणाऱ्या काही रुग्णांत कंपवातासारखी लक्षणे दिसू लागली. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये हेच रेसर्पिन देऊन सशांना निश्चल केले, मग त्यांना लेव्होडोपा टोचले आणि ससे पुन्हा हलू लागले. कंपवातात उणीव कशाची आहे, याचा सुगावा असा आजार निर्माण करणाऱ्या औषधातूनच लागला. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी अमेरिकेत रुग्णांना लेव्होडोपा मोठ्या मात्रेत देऊन दाखवले. आजही त्याहून प्रभावी गोळी नाही.

आता मूळ अडचण. मेंदूत हालचालीसाठी डोपामाइन हवे आणि स्मरणासाठी ॲसिटिलकोलीन. ही दोन रसायने तराजूच्या दोन पारड्यांसारखी एकमेकांशी बांधलेली आहेत. थरथर कमी करणारी ट्रायहेक्सिफेनिडिल ही जुनी, स्वस्त गोळी ॲसिटिलकोलीन दाबते. तरुण रुग्णाला ती चालून जाते. सत्तरीच्या माणसाचे स्मरण ती आणखी खाली ढकलते. स्मरणासाठी दिली जाणारी डोनेपेझिल किंवा रिव्हास्टिग्मिन ॲसिटिलकोलीन वाढवतात, तर काहींची थरथर वाढते. लेव्होडोपा वाढवावे, तर पाय मोकळे होतात पण संध्याकाळी नसलेली माणसे दिसू लागतात. ती माणसे घालवण्यासाठी डोपामाइन अडवणारे औषध द्यावे, तर पाय पुन्हा बांधले जातात.

कागदावर हे रसायनशास्त्र वाटते. घरात ते कसे उतरते, हे पाहू. बहात्तर वर्षांचे आजोबा, कंपवाताला सहा वर्षे झाली. दिवेलागणीला खोलीच्या कोपऱ्यात लहान मुले बसलेली दिसतात. ते शांतपणे सुनेला म्हणतात, ‘‘त्या पोरांना काहीतरी खायला दे गं.’’ घर हादरते. कोणी बाहेरची बाधा म्हणतो, कोणी वेड लागले म्हणतो. रात्री आरडाओरडा झाल्यावर हॅलोपेरिडॉलचे इंजेक्शन दिले जाते, आणि दोन दिवसांत आजोबा लाकडासारखे ताठ होतात, घास गिळता येत नाही, अंथरुणाला खिळतात. कंपवातात आणि विशेषतः लेवी बॉडीच्या आजारात हे औषध धोकादायक ठरू शकते, क्वचित जीवघेणेही. ज्या घरात असा रुग्ण आहे, तेथे हे एक नाव कार्डावर लिहून पाकिटात ठेवलेले असावे. अपघात विभागातल्या डॉक्टरांना मागचा इतिहास ठाऊक नसतो.

अशा वेळी मेंदूविकारतज्ज्ञ नवे औषध लिहिण्याची घाई करीत नाही. आधी लघवी तपासतो, ताप, पाणी कमी पडणे, बद्धकोष्ठता पाहतो. मग डब्यातील गोळ्या एका ठरावीक क्रमाने उतरवतो : आधी ट्रायहेक्सिफेनिडिल, मग अमँटाडिन, मग प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोलसारखी औषधे, आणि सर्वांत शेवटी, तेही थोडेसेच, लेव्होडोपा. प्रत्येक पायरीला काही दिवस द्यावे लागतात. एवढ्यानेही मुले गेली नाहीत, तर रिव्हास्टिग्मिन, किंवा क्वेटियापिनची अगदी लहान मात्रा. आणि पुष्कळदा डॉक्टर आजोबांनाच विचारतात, ‘‘ती मुलं त्रास देतात का तुम्हाला?’’ ‘‘नाही, गप्प बसतात बिचारी.’’ मग ती राहिली तरी चालतील, असे ठरते. आजोबा स्वतःच्या पायांनी संडासला जाऊ शकतात, हे त्या क्षणी मुलांना हाकलण्यापेक्षा मोलाचे. कोणत्या पारड्यात किती टाकायचे हा निर्णय पुस्तकात नसतो. तो त्या घरातल्या दिवसाकडे पाहून घ्यावा लागतो.

प्रॅमिपेक्सोल गटातील औषधांचा आणखी एक परिणाम घरच्यांनी लक्षात ठेवावा, कारण रुग्ण तो आपणहून सांगत नाही. आयुष्यभर पै-पै जपणारा माणूस मोबाइलवर रमीचे डाव लावू लागतो, शेअर घेत सुटतो, नको त्या वस्तू मागवतो. हा स्वभाव बिघडलेला नसतो. मात्रा बदलली की पुष्कळदा सावरतो. मात्र कोणतीही गोळी घरच्या घरी एकदम बंद करू नये, लेव्होडोपा तर नाहीच.

लेव्होडोपाला वेळेचे फार भान लागते. आतड्यातून शोषले जाताना त्याची प्रथिनांशी चढाओढ होते, म्हणून ते जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, नुसत्या पाण्याबरोबर घेणे चांगले. उसळ, अंडी, मासळी, दुधाचा पेला यांच्यासोबत घेतलेली गोळी अनेकांना ‘लागत नाही’. लोहाची गोळी चालू असेल तर दोहोंत दोन तासांचे अंतर ठेवावे. आजार पुढे गेला की एका गोळीचा असर दुसरीच्या आधीच ओसरतो. तेव्हा आठची गोळी साडेनऊला देऊन चालत नाही. कोणत्या वेळी पाय मोकळे होते, कोणत्या वेळी अडकले, याची तासावार वही हा डॉक्टरांच्या हातातला खरा नकाशा. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असते हे खरे, भारतीय संशोधकांनी १९३७ मध्येच ते वेगळे केले होते. पण म्हणूनच ते चूर्ण गोळ्यांवर गुपचूप चढवू नये. एका चमच्यात किती औषध गेले, हे कोणालाच सांगता येत नाही.

उंबरठ्याशी पाय गोठण्याचा उल्लेख आरंभी आला. त्यासाठी गोळीपेक्षा जमिनीवर हातभर अंतराने लावलेल्या रंगीत चिकटपट्ट्या कधी कधी जास्त उपयोगी पडतात. ‘एक-दोन, एक-दोन’ असा ताल धरला तरी पाऊल उचलते. चालताना त्यांच्याशी बोलू नये. निरोगी माणूस बोलत चालतो, पण ज्याचे स्मरण आणि चाल दोन्ही थकली आहेत, त्याला एका वेळी एकच काम झेपते; उत्तर द्यायला तो थांबतो किंवा पडतो. न्हाणीघरात धरायला दांडी, रात्री मंद दिवा, पायाखालच्या सतरंज्या उचललेल्या, अंथरुणातून उठताना आधी दोन मिनिटे बसणे : हा सल्ला चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिलेला असला, तरी तो पुढच्या बाजूइतकाच औषधी आहे.

स्मृतीच्या औषधांविषयी डॉक्टरांनी स्पष्ट बोलावे, आणि कुटुंबानेही ते ऐकून घ्यावे. डोनेपेझिलसारख्या गोळ्या काहींना काही काळ सावरून धरतात. गेलेले परत आणीत नाहीत. नाडी मंद असणाऱ्यांत त्या सुरू करण्याआधी हृदयाचा आलेख काढावा लागतो. मेंदूत साठलेले प्रथिन हटवणारी नवी इंजेक्शने अमेरिकेत मान्य झाली आहेत. ती आल्झायमरच्या आरंभीच्या अवस्थेसाठी आहेत, घसरण थोडी मंदावतात, आणि मेंदूला सूज येण्याचा वा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावे लागतात. कंपवातासाठी मेंदूत तारा बसवण्याची शस्त्रक्रिया योग्य रुग्णात उत्तम काम करते. पण स्मरण आधीच लक्षणीय ढासळले असेल तर ती सहसा करीत नाहीत. येथेही एक पारडे दुसऱ्याला विचारल्याशिवाय हलत नाही.

‘‘त्यांना काही सांगू नका, डॉक्टर,’’ हे वाक्य आपल्याकडे दर दुसऱ्या कुटुंबाकडून येते. हेतू प्रेमाचाच असतो. पण आरंभीच्या काळात माणसाला आपले काही बिघडते आहे, हे कळत असते. न सांगितल्याने तो एकटा पडतो. शिवाय मृत्युपत्र, बँक खात्यांवरची नामनिर्देशने, पुढे उपचार कसे व्हावेत याविषयीची इच्छा, हे सारे त्याच्या संमतीने उरकायचे तर तोच काळ असतो. साधे मुखत्यारपत्र माणसाची निर्णयक्षमता गेल्यावर टिकत नाही, हे पुष्कळांना फार उशिरा कळते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये कंपवाताचा समावेश आहे, हेही डॉक्टरांकडून क्वचितच ऐकायला मिळते.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. शब्द थोडे संस्कृतप्रचुर खरे, पण त्यांत दोन माणसे आहेत, ही बाब मला महत्त्वाची वाटते. आपल्या घरांत शुभंकर बहुधा एखादी स्त्री असते, स्वतःही साठी उलटलेली, रक्तदाब असलेली, आणि गेल्या दोन वर्षांत एकाही लग्नाला न गेलेली. जाणता डॉक्टर तिच्याकडे वळून विचारतो, ‘‘आणि तुम्ही? रात्री किती तास झोपता?’’ या प्रश्नाला अनेकदा उत्तर येत नाही, डोळे भरून येतात. मग मुलाला सांगावे लागते की आठवड्यातल्या दोन रात्री तुमच्या, किंवा रात्रीसाठी कोणी मदतनीस ठेवा. हेही उपचारातच मोडते. ती कोसळली तर गोळ्यांचे वेळापत्रक त्याच दिवशी कोसळते.

पुढची भेट साधारण तीन महिन्यांनी असते. त्या भेटीला गोळ्यांची पिशवी, तासांची वही, आणि पाय अडकतात त्या वेळी मोबाइलवर घेतलेले मिनिटभराचे चित्रण न्यावे. डॉक्टरांसमोर रुग्ण हमखास बरा चालतो. वहीत पडण्याच्या तारखा असाव्यात, झोपेतल्या हालचाली असाव्यात, भास झाले असतील तर किती वाजता झाले ते असावे. आणि सांभाळणाऱ्या माणसाच्या झोपेसाठी एक वेगळा रकाना आखून ठेवावा.